शेजाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट

गायस कॅनियस हा रोममधला सुखवस्तू, शिकलेला, गप्पिष्ट गृहस्थ. विश्रांतीसाठी तो सिसिलीतल्या सिराक्यूज शहरी आला आणि मित्रांना जेवायला बोलावता येईल अशी एखादी बागवाडी शोधू लागला. हे पायथियस नावाच्या सावकाराच्या कानावर गेलं. ‘माझी वाडी विकायची नाही, पण आपलीच समजून वापरा,’ असं म्हणून त्यानं कॅनियसला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. मग गावातले कोळी गोळा केले आणि त्यांना सांगितलं, उद्या माझ्या वाडीसमोरच जाळी टाका.

दुसऱ्या दिवशी कॅनियस पोहोचला तेव्हा समोरचं पाणी होड्यांनी भरून गेलं होतं. एकेक कोळी यायचा आणि पायथियसच्या पायाशी मासळी ओतायचा. सिराक्यूजचे सगळे मासे इथेच मिळतात, असं यजमानानं सांगितलं. कॅनियसनं गळ घातली, मागितली ती किंमत कबूल केली आणि वाडी घेतली. पुढच्याच दिवशी मित्रांना बोलावलं, तर पाण्यात एकही होडी नव्हती. आज कोळ्यांचा काही सण आहे का, असं त्यानं शेजाऱ्याला विचारलं. शेजारी म्हणाला, माझ्या माहितीत तरी नाही. इथं कुणीच मासे धरत नाही, म्हणून कालचा प्रकार पाहून मलाच नवल वाटलं.

ही गोष्ट सिसेरोनं इ.स.पू. ४४ मध्ये लिहिलेल्या ‘दे ऑफिसिस’ या ग्रंथात येते. कर्तव्यांविषयीचा हा ग्रंथ त्यानं अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलाला उद्देशून लिहिला. नीतीचा विचार करायला त्यानं घरखरेदीचे इतके दाखले घ्यावेत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. घराच्या व्यवहारात एकाला सगळं माहीत असतं आणि दुसऱ्याला जवळपास काहीच नसतं. माणसाच्या सचोटीची परीक्षा अशाच जागी होते. आज इस्टेट एजंट आपल्या वेबसाइटवर एखाद्या फ्लॅटची माहिती लिहायला बसतो, तेव्हा काय लिहावं हा प्रश्न त्याला धंद्याचा वाटतो. तो प्रश्न त्याहून बराच जुना आणि खोल आहे. जे विचारलं नाही ते न सांगणं, हे खोटं बोलणं आहे का?

पायथियसची लबाडी उघड आहे. खरी अडचण सिसेरोच्या पुढच्या उदाहरणात दिसते. एक भला माणूस घर विकतो आहे. लोक ते घर आरोग्याला चांगलं समजतात, पण तसं ते नाही. खोल्याखोल्यांत साप निघतात, लाकूड कुजलेलं आहे, आणि हे एकट्या मालकाला ठाऊक आहे. त्यानं गप्प राहून घर विकलं तर तो अन्याय ठरेल का? यावर सिसेरो दोन स्टोइक तत्त्ववेत्त्यांना समोरासमोर उभं करतो, बाबिलोनचा डायोजेनिस आणि त्याचा शिष्य अँटिपॅटर. डायोजेनिसचा मुद्दा असा, की विकणाऱ्यानं कुणाला बळजबरी केली नाही. ‘उत्तम, भक्कम घर’ अशी जाहिरात करणाऱ्याला, घर तसं नसलं तरी, लोक फसव्या म्हणत नाहीत. मग ज्यानं स्तुतीच केली नाही, त्याला दोष कसा द्यायचा? निवड घेणाऱ्याची होती. अँटिपॅटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं अथेन्समध्ये शापाला पात्र होतं. हे तर त्याहून वाईट, कारण इथं दुसऱ्याला जाणूनबुजून खड्ड्यात जाऊ दिलं जातं.

सिसेरो अँटिपॅटरच्या बाजूनं उभा राहतो, पण सरसकट नाही. प्रत्येक मौन म्हणजे लपवाछपवी नव्हे, असं तो सांगतो. ज्या गोष्टी कळणं समोरच्याच्या हिताचं आहे, त्या त्याला कळू नयेत असं आपण स्वतःच्या फायद्यासाठी ठरवलं, की मौनाचं लपवणं होतं. या कसोटीमुळे शब्दांची मोजदाद बाजूला पडते आणि तपासणी हेतूची होते.

भारतीय कायद्यातही हे दोन्ही तत्त्ववेत्ते भेटतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ सांगतं, की बोलण्याचं कर्तव्य नसेल तर नुसतं मौन ही फसवणूक नव्हे. इथं डायोजेनिसचा आवाज ऐकू येतो. दहाच वर्षांनी, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ आलं. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक, असं ते कलम स्पष्ट म्हणतं. हा अँटिपॅटर आहे. धान्य, कापड, गुरं यांच्या व्यवहारात घेणारा माल पारखू शकतो. घराच्या भिंतीआडची गळती आणि कागदांतली गुंतागुंत पाच मिनिटांच्या भेटीत पारखता येत नाही. म्हणून घरापुरतं मौन महाग केलं गेलं.

२०१६ चा रेरा कायदा आणखी पुढे गेला. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला कलम १२ नं भरपाईचा आणि व्याजासह परताव्याचा हक्क दिला. ‘सुपर बिल्ट-अप’च्या फुगवलेल्या आकड्यांऐवजी कार्पेट क्षेत्राची एकच व्याख्या आली: बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि गच्ची वगळून, आतल्या भिंती धरून वापरता येणारी जागा. महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेरा काम करू लागलं. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं. एजंटावर कलम १० नुसार दुहेरी जबाबदारी आहे: चुकीचं सांगायचं नाही, आणि घेणाऱ्याला हक्कानं मिळणारी माहिती व कागद मिळवून द्यायला मदत करायची.

पण रेराचा सगळा भर नव्या, नोंदणीकृत प्रकल्पांवर आहे. वीस वर्षं जुन्या सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा रिसेल फ्लॅट या छत्राखाली येत नाही. तिथे जुनं कलम ५५ आहे आणि एजंटाची सदसद्विवेकबुद्धी आहे. सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स झालं आहे का, भोगवटा प्रमाणपत्र हातात आहे का, टेरेसचं वॉटरप्रूफिंग कधी केलं, एप्रिल-मे महिन्यांत टँकर किती लागतात, पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली, थकीत मेंटेनन्स किती: घेणाऱ्याला हे प्रश्न विचारायचेच माहीत नसतात. त्याच्या उपयोगाचा मजकूर नेमका इथं आहे. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे कुणीही नकाशात पाहून घेईल.

इथं एक शंका रास्त आहे. समोरच्याला महत्त्वाची वाटणारी प्रत्येक गोष्ट सांगायची का? १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॅम्बोव्स्की विरुद्ध ॲक्ले खटल्यात हा प्रश्न विलक्षण रूपात आला. विकणाऱ्या बाईंनी आपल्या घरात भुतं आहेत असं पूर्वी छापील माध्यमांतून जगाला सांगितलं होतं. बाहेरगावच्या ग्राहकाला मात्र सांगितलं नाही. अपील न्यायालयानं ग्राहकाला व्यवहार मोडू दिला. भूत आहे की नाही याची शहानिशा न करता, घराची झालेली ख्याती किमतीवर परिणाम करते आणि ती बाहेरच्याला तपासून कळत नाही, हे न्यायालयानं पाहिलं. आपल्याकडे मात्र ग्राहक विचारतो, ‘वरच्या मजल्यावर कोणत्या जातीचे लोक आहेत?’ ही माहितीही किमतीवर परिणाम करते, तरी ती सांगण्याचं कर्तव्य कुणावर येत नाही. कुजलेलं लाकूड हा घराचा दोष आहे. शेजाऱ्याचा जन्म हा घराचा दोष नाही, आणि तो तसा मांडणं म्हणजे व्यवहारात नसलेल्या तिसऱ्या माणसावर अन्याय करणं.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी येतो. त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटं केलं, तरी तो हलला नाही, आणि या तपाचा त्याला अभिमान झाला. तेव्हा धर्म शिकायला त्याला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे पाठवलं गेलं. तुलाधार आपली तागडी सगळ्यांना सारखी धरतो, हेच त्याचं तप. बाजार ही धर्म शिकण्याची जागा असू शकते, असं ही कथा गंभीरपणे मानते. तागडी नुसती मापाची नसते. एका पारड्यात आपल्याला ठाऊक असलेलं असतं, दुसऱ्यात गिऱ्हाइकाला ठाऊक असलेलं.

दोन्ही पारडी सारखी करण्याची एक जुनी रीत कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. वास्तू विकायची तर नातेवाईक, शेजारी, सावकार यांना क्रमानं पहिला हक्क. मग घरासमोर चाळीस शेजारच्या कुटुंबांच्या देखत विक्रीची घोषणा. सीमा जाणत्यांसमोर नेमक्या सांगायच्या. आणि ‘या किमतीला कोण घेतो?’ असं तीनदा पुकारायचं. कौटिल्यानं चांगुलपणावर भिस्त ठेवली नाही. खरं काय ते जाणणारी माणसं व्यवहाराच्या क्षणी हजर राहतील, एवढी सोय केली.

कॅनियसला शेजारी भेटला, पण एक दिवस उशिरा. आजचा एजंट त्याला एक दिवस आधी भेटवू शकतो. फ्लॅटचे फोटो काढायला गेल्यावर त्यानं वॉचमनला पाण्याच्या वेळा विचाराव्यात, खालच्या मजल्यावरच्या आजींना पावसाळ्यात जिन्यात ओल येते का ते विचारावं, सोसायटीच्या सचिवांकडून गेल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागावं. आणि ती उत्तरं, टँकरच्या आकड्यासह, हॉलच्या फोटोखाली लिहावीत.