रुद्राक्षाची आकृती आणि जाती

रुद्राक्षाचे मोल मुखांवरून ठरविण्याचा रिवाज जुना आहे. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी ही मुखे म्हणजे आठळीतील कप्प्यांच्या संख्येशी जुळणाऱ्या खाचा होत, आणि एकाच झाडाखाली पाचमुखी व सहामुखी मणी सापडत असल्यामुळे त्यांवरून जातिभेद करणे व्यर्थ आहे. याउलट, निळी साल व गर निघून गेल्यावर उघड्या पडणाऱ्या आठळीवरील गाठी, खळगे आणि तिची ठेवण यांची साक्ष अधिक भरवशाची. दक्षिण सह्याद्रीतील एका सगोत्र वृक्षाची चपटी आठळी गोल रुद्राक्षाशेजारी ठेवली, की भेद डोळ्यांना दिसतो. योझेफ गेर्टनर या जर्मन पंडिताने १७८८ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फळे व बिया यांच्याच आधारे वनस्पतींची तपासणी मांडली. आकृतीवरून जाती ओळखण्याचा हा विचार तत्त्वज्ञानातही आढळतो: न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, म्हणजे गौतमाच्या न्यायसूत्रांत, आकृती हे जातीचे लिंग, म्हणजे ओळखचिन्ह, मानले आहे. जाती नित्य व वस्तुगत असते, हे नैयायिकांचे मत बौद्ध तार्किकांनी (आणि त्यांचा आक्षेप काही पोरकट नव्हता) कल्पनामात्र म्हणून खोडून काढले. माझ्या मते वनस्पतींपुरता निवाडा मधला आहे: आठळीवरील नक्षी वंशाचे केवळ चिन्ह होय, जाती खरी, पण ती नित्य नव्हे.