टाचणात नसलेला पाठ

बी.एड.च्या वर्षी आम्ही पाठ टाचणे लिहिली, तक्ते रंगवले, सराव पाठ दिले. पण एखाद्या मुलाच्या चालण्या-बोलण्यावरून वर्ग त्याला 'बायल्या' म्हणू लागला तर काय करावे, हे कुणी शिकवले नाही. वर्गात तसे घडले तेव्हा पोरांबरोबर आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून ते मूल मागच्या बाकावर बसू लागले. उत्तर येत असूनही हात वर करीना.

2021 साली एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांच्या शालेय समावेशाविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून काढली गेली. वाद मोठ्यांचा, शिक्षा मुलांना!

कुणी विचारील, मजहब काय म्हणतो? हलाल-हरामची चर्चा आलिमांनी जरूर करावी. पण सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत इतरांची टर उडवण्यास आणि वाईट नावे ठेवण्यास साफ मनाई आहे. ही आयत वर्गाच्या उंबरठ्याबाहेर थांबते काय? आईबापांनी सोपवलेले मूल ही आमच्याकडची अमानत आहे. आमचे वाद मिटेपर्यंत त्याने अपमान सोसत राहावे काय?

उद्याच्या शिक्षकांना एक सराव पाठ याचाही द्यावा : वर्गातले पहिले हसू कसे थांबवावे. त्याआधी स्वतःचे.