रिकामी जागा कोणाची?



दुसऱ्याला जागाच उरू नये इतकी घराला घरे जोडत जाणाऱ्यांचा यशया संदेष्ट्याने धिक्कार केला आहे (यशया ५:८). हे शब्द आजच्या शहरांनाही तंतोतंत लागू पडतात.

स्पेनमधील बार्सिलोना शहराचेच पाहा. 'सग्रादा फमिलिया' हे पवित्र कुटुंबाचे प्रसिद्ध चर्च ज्या भागात आहे, तो भाग १८५९ साली इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने आखला. कामगारांच्या कोंदट वस्त्यांचा त्याने अभ्यास केला होता. म्हणून चार रस्त्यांमधील प्रत्येक चौकोनात शक्यतो दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये बाग, अशी त्याची योजना होती. पण जागामालकांना नफा हवा होता. आधी चारही बाजू बांधल्या गेल्या, मग मजले चढले, शेवटी मधल्या मोकळ्या जागेत गोदामे आणि कारखाने आले. १९८७ पासून नगरपालिकेने त्यांतील काही चौक एकेक करून लोकांसाठी पुन्हा खुले केले. जे हाती होते, त्यातले थोडेसे परत मिळवायला सव्वाशे वर्षे गेली!

आपल्याकडे चाळींचा आणि वाड्यांचा पुनर्विकास चालू आहे. मोठे, पक्के घर हवे असणे हे पाप नव्हे. गळक्या छपराखाली दिवस काढलेल्यांना ते मिळालेच पाहिजे. परंतु नकाशात चौकाच्या जागी पार्किंग येते तेव्हा काय जाते? क्रुसासमोरची जपमाळ, लग्नाचा मांडव, मयताच्या घरी धावून येणारा शेजार. दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाचे अर्धे घर तर चौकातच असते.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की, मालमत्ता खासगी असू शकते, पण तिचा वापर करताना ती सर्वांची आहे असे समजून गरजवंताला वाटा द्यावा. सातबाऱ्यावर नाव नसलेली मुले आणि म्हातारी माणसे हीच चौकाची खरी वारस आहेत.

तेव्हा सोसायटीच्या सभेत केवळ चौरस फूट विचारू नका. जमिनीवर, उघड्या आकाशाखाली किती जागा राहणार आणि तिथे कोणाला येता येणार, हेही विचारा. उत्तर लेखी घ्या. मगच सही करा.

देवाने यरुशलेमला वचन दिले, तेव्हा खूण म्हणून महाल दाखवले नाहीत. काठी टेकून बसलेले वृद्ध आणि चौकात खेळणारी मुले दाखवली (जखऱ्या ८:४-५). तेवढी जागा आपण राखू या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू