दिव्याच्या खांबावरचे डोळे



‘आपण काही वावगे करत नाही, मग कॅमेऱ्याला भ्यायचे कशाला?’ हे वाक्य आपण सोसायटीच्या सभेत ऐकले आहे, बाजारात ऐकले आहे, मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर रंगणाऱ्या गप्पांतही ऐकले आहे. खरे सांगायचे तर आपल्यापैकी बहुतेकांनी ते स्वतः म्हटलेही आहे. कुणाच्या गळ्यातली साखळी खेचली गेली, कुणाची मोटारसायकल गेली, की पहिली मागणी कॅमेऱ्याची होते. ती मागणी चुकीची म्हणता येणार नाही. आपल्या चर्चच्या आवारातही कॅमेरे बसवावेत अशी सूचना आता पुढे आली आहे. हात वर करून ‘हो’ म्हणण्यापूर्वी या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा, असे आम्हांला वाटते. त्यासाठी एका दूरच्या शहराची हकीगत उपयोगी पडेल. तिथे याच प्रश्नावरून लोकप्रतिनिधी आणि पोलीस काही वर्षे एकमेकांसमोर उभे राहिले.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या सीमेला लागून, सॅन दिएगो नावाचे सुमारे चौदा लाख वस्तीचे शहर आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या महापालिकेने रस्त्यांवरचे जुने दिवे काढून वीज वाचवणारे एलईडी दिवे बसवण्याचा ठराव केला. सुमारे १४ हजार दिवे बदलायचे होते आणि खर्च सुमारे तीन कोटी डॉलर होता. त्यांपैकी तीन हजारांहून अधिक खांबांवर एकेक उपकरण बसणार होते. ते रहदारी मोजणार होते, गाडी उभी करायला मोकळी जागा कुठे आहे ते सांगणार होते, पायी चालणाऱ्यांची संख्या नोंदवणार होते. विजेचे बिल कमी होणार आणि वाहतूक सुधारणार असेल, तर नाही कोण म्हणेल? फारशी चर्चा न होता ठराव मंजूर झाला. त्या उपकरणात कॅमेराही होता, पण तेव्हा त्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये शहरातल्या ‘गॅसलॅम्प क्वार्टर’ या जुन्या भागात एक माणूस मारला गेला. तपासाला आलेल्या पोलिसांची नजर खांबावरच्या त्या कॅमेऱ्याकडे गेली. त्यांनी चित्रण मागवले. ज्याला अटक झाली होती, त्याने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी हात उचलला होता, असे त्यातून दिसून आले. म्हणजे या कॅमेऱ्यांचा पोलिसांनी केलेला पहिला उपयोग एका माणसाला खुनाच्या आरोपातून सोडवणारा ठरला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. कॅमेरा म्हणजे सैतानाचे हत्यार, असे समजून विचाराला सुरुवात केली तर तो विचार खोटा ठरेल.

पुढे शेकडो गुन्ह्यांच्या तपासात हे चित्रण वापरले गेले. उपकरणातले चित्रण पाच दिवस टिकत असे आणि पोलिसांनी मागितले नाही तर आपोआप पुसले जाई. २०१९ मध्ये ही गोष्ट लोकांच्या लक्षात आली, तेव्हा सभा होऊ लागल्या. लोकांचा प्रश्न साधा होता. ‘तुम्ही आम्हांला दिवे सांगितले होते, मग हे डोळे कुठून आले?’ काही नगरसेवकांनाही आपण नेमके कशाला मत दिले होते, असा प्रश्न पडला. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला आणि देशभर निदर्शने झाली. सॅन दिएगोतही मोर्चे निघाले. त्या दिवसांतल्या गुन्ह्यांच्या तपासासाठी तिथल्या पोलिसांनी खांबांवरचे चित्रण काढले. आम्ही फक्त गुन्हेगार शोधत होतो, असे पोलिसांचे म्हणणे. पण ज्या खात्याविरुद्ध मोर्चा होता, त्याच खात्याच्या हाती मोर्चाचे चित्रण होते. ही गोष्ट लोकांना बोचली.

सप्टेंबर २०२० मध्ये महापौर केविन फॉल्कनर यांनी नियम होईपर्यंत कॅमेरे बंद ठेवण्याचा आदेश दिला. (तिथे महापौराच्या हाती प्रत्यक्ष कारभार असतो, आपल्याकडच्याप्रमाणे ते मुख्यतः मानाचे पद नाही.) आदेश निघाला आणि एक विचित्र अडचण पुढे आली. कॅमेरा आणि दिवा एकाच वीजजोडणीवर होते. कॅमेरा बंद करायचा तर रस्त्यावर अंधार करावा लागणार होता. लोकांनी न मागितलेला डोळा त्यांच्या उजेडाला असा बांधला गेला होता. एक हवे असेल तर दुसरेही घ्या, असा तो व्यवहार झाला.

नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांनी नव्या नियमांना एकमताने प्राथमिक मंजुरी दिली. ते नियम प्रत्यक्षात यायला २०२२ साल उजाडले. पाळत ठेवणारे कोणतेही साधन घेण्यापूर्वी किंवा वापरण्यापूर्वी त्याचा हेतू लेखी सांगायचा, लोकांची सभा घ्यायची, नागरिकांच्या सल्लागार मंडळाचे मत घ्यायचे आणि मग महापालिकेची परवानगी घ्यायची, असे ठरले. २०२३ मध्ये पोलिसांनी ५०० नव्या कॅमेऱ्यांचा प्रस्ताव आणला. त्यांच्या जोडीला गाड्यांचे नंबर वाचणारी यंत्रणाही होती. सल्लागार मंडळाने प्रस्ताव नाकारावा असे सुचवले. पोलीस आणि नवे महापौर टॉड ग्लोरिया प्रस्तावाच्या बाजूने होते. ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेने तो मंजूर केला आणि २०२४ च्या सुरुवातीला नियमही काहीसे सैल केले. त्यानंतरही वाद शमला नाही.

या भांडणात बरोबर कोण होते? आम्ही बराच विचार केला, तेव्हा एका बाजूला सज्जन आणि दुसऱ्या बाजूला दुर्जन असे काही दिसेना. पोलीस अधिकाऱ्याला रात्री अपरात्री एखाद्या आईला तिचा मुलगा गेल्याचे सांगावे लागते. खुन्याचा चेहरा समोरच्या खांबावर पाच दिवस पडून असताना तो पाहू नका, असे त्या आईसमोर कोण म्हणू शकेल? नगरसेवकाला वेगळ्या माणसांना उत्तर द्यायचे असते. ज्या वस्तीत पोलीस एरवीही जास्त वेळा थांबवतात, ‘कुठे चाललास?’ म्हणून विचारतात, तिथल्या लोकांना हा कॅमेरा रखवालदार वाटत नाही. दोघेही कुणाचे तरी रक्षणच करू पाहत होते.

मग चुकले कुठे? एक घरगुती उदाहरण घेऊ. आपण गावाला जाताना झाडांना पाणी घालण्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली देतो. परत आल्यावर समजते की त्यांनी आपले कपाटही उघडले होते. कदाचित चांगल्याच हेतूने. आपला एखादा हरवलेला कागद शोधून द्यावा म्हणून. कागद सापडलासुद्धा. तरी मन खट्टू होते, आणि पुढच्या वेळी किल्ली देताना हात अडखळतो. शेजाऱ्याने चोरी केली नाही. पण जे ज्या कामासाठी मागितले, त्याहून वेगळ्या कामासाठी न विचारता वापरले. सॅन दिएगोतही तेच झाले, असे आम्हांला वाटते. पाहण्यात पाप नव्हते. न विचारता पाहण्यात विश्वासाचा भंग होता. कॅमेऱ्याने काही खुनी सापडले, म्हणून तो भंग भरून निघत नाही.

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. जो काही लपवत नाही त्याला भीती नाही, असे त्यात गृहीत धरले आहे. म्हणजेच जो लपवतो तो दोषी. पण सॅन दिएगो शहराला ज्यांचे नाव मिळाले, त्या अल्कालाच्या संत दिएगोंची कथा काय सांगते? पंधराव्या शतकातले हे फ्रान्सिस्कन बंधू स्वतःच्या मठातली भाकरी झग्यात दडवून गोरगरिबांना नेऊन देत. एकदा वरिष्ठांनी वाटेत अडवले आणि झग्यात काय आहे ते दाखवायला सांगितले. झगा उघडला, तर भाकरीच्या जागी गुलाबाची फुले होती, अशी आख्यायिका आहे. म्हणूनच चित्रकार त्यांना ओच्यात गुलाब घेतलेले दाखवतात. या माणसाजवळ लपवण्यासारखे काही होते, आणि ती गरिबाच्या तोंडची भाकरी होती.

आपल्या आसपासही अशा कितीतरी भाकऱ्या दडलेल्या असतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका अनेक चर्चच्या सभागृहांत भरतात. या संस्थेच्या नावातच अनामिकता आहे. दारूशी झगडणारा एखादा भाऊ तीन वेळा फाटकापर्यंत येऊन परत जातो आणि चौथ्या वेळी आत शिरतो. त्या दारावर कॅमेरा रोखलेला असेल, आणि त्याचे चित्रण ऑफिसातल्या पडद्यावर येणारेजाणारे पाहत असतील, तर तो चौथ्या वेळी आत येईल का? नवऱ्याचा मार खाऊन फादरांशी बोलायला आलेली बहीण येईल का? यांतल्या कुणीही गुन्हा केलेला नाही. तरी त्यांना थोड्या आडोशाची गरज आहे.

कुणी म्हणेल, ‘देव तर सर्वच पाहतो, मग माणसाने पाहिले तर काय बिघडले?’ या दोन पाहण्यांत मोठा फरक आहे. कॅमेऱ्याला एवढेच दिसते की अमुक माणूस रात्री अकरा वाजता गुत्त्याच्या गल्लीत शिरला. तो आपल्या भावाला घरी आणायला गेला होता, हे देवाला ठाऊक असते. देवाचे पाहणे क्षमा करण्यासाठी असते. कॅमेऱ्यातले चित्रण हातोहाती फिरते, आणि ज्याचे चित्रण असते त्याला खुलासा करण्याची संधीही मिळत नाही. देव सर्व जाणतो असे मानणाऱ्या ख्रिस्तसभेनेच प्रायश्चित्त संस्कारातली गुप्तता अभंग ठेवली आहे, हेही विसरता येत नाही.

हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेऱ्यांची निकड सर्वांनाच पटली, आणि २०१६ मध्ये शहरात चार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचे जाळे सुरू झाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात केलेल्या याचिकेतून तो निर्णय आला. या हक्काला मर्यादा घालायची तर त्यासाठी कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा, असे त्यात सांगितले गेले. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही केला, मात्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा त्यात आहे.

कायद्याचे काम कायदा करील. पण आपल्या हातातल्या कॅमेऱ्याचे काय? सोसायटीच्या फाटकावरचे चित्रण सर्रास व्हॉट्सॲपवर फिरते. कुणाची मुलगी किती वाजता परतली, कुणाबरोबर परतली, कुणाकडे रात्री कोण आले, हे चोर पकडण्यासाठी बसवलेल्या कॅमेऱ्यातून कळते आणि सकाळपर्यंत दहा मोबाईलांत पोहोचते. तिथे पोलीस नसतात आणि महापालिकाही नसते. तिथे आपणच असतो. सॅन दिएगोच्या पोलिसांना आपण नावे ठेवू, तर आधी स्वतःचा मोबाईल तपासून पाहावा लागेल. त्यांच्याकडे निदान खून उलगडण्याचे कारण तरी होते. आम्हीही असे एखादे चित्रण ‘बघा तर’ म्हणून पुढे पाठवले आहे, हे कबूल करताना आम्हांला लाज वाटते.

म्हणून आपल्या आवारातल्या कॅमेऱ्यांची सूचना सभेपुढे येईल, तेव्हा तिला विरोध करावा असे आमचे म्हणणे नाही. दानपेटीवर, फाटकावर, वाहने उभी करतात तिथे कॅमेरा जरूर असावा. मात्र बसवण्यापूर्वीच चार गोष्टी लिहून ठेवू आणि सूचनाफलकावर लावू. कॅमेरा कशासाठी आहे? चित्रण कोण पाहणार? ते किती दिवसांनी पुसले जाणार? आणि कुणी त्याचा गैरवापर केला तर त्याला जाब कोण विचारणार? हेतू पुढे बदलायचा झाला, तर तो पुन्हा सर्वांसमोर मांडायचा आणि सर्वांना विचारूनच बदलायचा. सभागृहाचे आणि फादरांच्या भेटीच्या खोलीचे दार मात्र कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर राहू द्यावे.

असे केल्याने एखादा चोर निसटेल का? निसटू शकेल. ती किंमत आपण मोजायला तयार आहोत का, हे आपणच ठरवायचे आहे. ठरवताना बँकेतल्या ठेवीइतकाच त्या चौथ्या वेळी फाटकापर्यंत आलेल्या भावाचाही विचार व्हावा, एवढीच आमची विनंती.