रात्र त्याची, दिवस आपला

रोश होदेशच्या दिवशी आपल्याकडे १०४ वे स्तोत्र म्हणतात. पुष्कळांना ते तोंडपाठ असते, पण त्यातली एक वाटणी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परमेश्वराने रान एकच ठेवले. त्यातली रात्र सिंहाला दिली आणि दिवस माणसाला. सिंहाच्या शिकारीला तेथे पाप म्हटलेले नाही.

ही वाटणी आता मोडत चालली आहे, आणि ती मोडण्यात दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा हात किती, याचा विचार आम्हांला करावासा वाटतो.

चंद्रपूर जिल्हा घ्या. ताडोब्याच्या भोवताली वाघ वाढले, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यांच्याबरोबर रान वाढले नाही. जवान नराला दुसऱ्या नराच्या हद्दीत थारा नसतो. वाघ आला की बिबळ्या काठाला, म्हणजे गावाकडे, सरकतो. शेजारी कोळशाच्या खाणी आहेत. खाण वाघाची वाट अडवते, आणि तिचाच कोळसा जाळून हवा तापते. उन्हाळ्यात पाणवठे आटले की वनखात्याला टँकरने पाणी भरावे लागते आणि सगळी जनावरे त्या थोड्या पाण्यावर येतात. त्याच दिवसांत तेंदूपत्ता तोडणारी माणसे, ऊन चढण्याआधी काम उरकावे म्हणून, भल्या पहाटे रानात शिरतात. ती वेळ वाघाची. कोणी बाई पाने तोडायला वाकलेली असते, आणि ती घरी परतत नाही.

२०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओचा पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. शेते, रस्ते, नाले ओलांडीत तो सुमारे तीन हजार किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. तेथे दुसरा वाघ नव्हता, म्हणून जागा मिळाली; पण त्याच कारणाने जोडीदारीणही मिळाली नाही. जागा शोधीत फिरणे म्हणजे काय, हे नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांच्या वंशजांना वेगळे सांगायला नको. कोकणाने आपल्या पूर्वजांना जागा दिली. अर्थात, त्यांनी कोणाचे ढोर मारले नव्हते!

हा फरक लहान नाही. एडिसनमध्ये बसून 'वाघ वाचवा' म्हणणे सोपे आहे. या न्यू जर्सीत १९७० च्या सुमारास काळी अस्वले शंभराच्याही आत उरली होती. १९७१ साली शिकार बंद झाली, ती वाढली, आणि २००३ साली शिकार पुन्हा सुरू झाली. २०२१ साली ती थांबली. २०२२ साली परत आली. आज राज्याच्या एकवीसही काउंटींत अस्वल दिसल्याच्या नोंदी आहेत. त्यांतले एखादे वाट चुकून आपल्या बाजूला आले तर आपण कचऱ्याचा डबा आत घेतो, मुलांना घरात बोलावतो आणि पोलिसांना फोन करतो. आणि हे जनावर वाघाच्या मानाने गरीबच. मग तेंदू तोडणाऱ्या मजुराने वाघ सोसावा, हे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

तरीही सांगावे, असे आमचे मत आहे. एन-गेदीच्या डोंगरांत १९८० च्या दशकापर्यंत बिबळे होते. आज इस्राएलच्या रानांत ते उरलेले नाहीत असे मानतात. गेलेले जनावर परत येत नाही. इयोबाच्या ग्रंथात परमेश्वर सिंहिणीच्या भक्ष्याची गोष्ट काढतो, ती ऐकून इयोबाला उत्तर सुचत नाही. आपल्यालाही सुचू नये.

पण सोसण्याची किंमत एकट्या मजुराने भरावी, हा न्याय नव्हे. हवा तापविण्यात त्याचा वाटा नगण्य आहे. दोन दोन मोटारी आणि थंडीभर गरम ठेवलेले घर आपले आहे. वाघाने माणूस मारला तर सरकार भरपाई देते, ती मृत्यूनंतर. त्याआधी काही करायचे तर पानाला असा भाव मिळायला हवा की त्या बाईला उजाडेपर्यंत घरी थांबता येईल, आणि ऊन चढण्याआधी निम्मीच पाने हाती लागली तरी तिची चूल पेटेल.