जखमांच्या खुणांसकट

मिसर देशाचा मोठा अधिकारी झालेल्या योसेफाने आपल्या पहिल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले. घरच्या साऱ्या कष्टांचा देवाने विसर पाडला, ही कृतज्ञता त्या नावामागे होती. सख्ख्या भावांनी त्याला खड्ड्यात ढकलले होते, वाटेवरच्या व्यापाऱ्यांना विकले होते. पुढे दुष्काळ पडला, तेच भाऊ धान्यासाठी त्याच्यासमोर वाकले आणि योसेफाला आतल्या खोलीत जाऊन रडावे लागले. शेवटी तर त्याने सगळ्या नोकरांना बाहेर घालवले आणि तो इतक्या मोठ्याने रडला की बाहेरच्यांनीही ते ऐकले. आपली ओळख देताना ‘तुम्ही मला विकलेत’ हे त्याने आधी सांगितले, धीर दिला तो त्यानंतर. विसरण्याने काम भागले नव्हते, हे उत्पत्तीचे पुस्तक लपवत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात हाच विचार फार पुढे जातो. पुनरुत्थित येशू शिष्यांपुढे उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या आणि कुशीत भाल्याची खूण असते. थोमाला तो त्या खुणा स्वतःहून दाखवतो. मरणाला हरवून उठलेल्या देहावरही व्रण उरावेत, ही या श्रद्धेतली विलक्षण गोष्ट आहे. वेदनेच्या आठवणीतून बरे होण्याविषयी ख्रिस्ती विचार पुढे जे काही शिकला, त्याचे बीज या भेटीत आहे.

ते रुजायला मात्र शतके गेली.

उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावच्या ऑगस्टीनचा जिवलग मित्र तरुणपणीच तापाने गेला. मित्राशिवाय गावातली प्रत्येक जागा त्याला खायला उठली, म्हणून तो कार्थेजला निघून गेला. सुमारे वीस वर्षांनी, इ. स. 397 च्या आसपास, बिशप झालेला ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’ लिहायला बसला तेव्हा हे दुःख त्याने पुन्हा उघडले. सगळे पुस्तक देवाला उद्देशून लिहिलेले आहे. दहाव्या भागात तो स्मृतीच्या अफाट दालनांतून हिंडतो आणि थबकून विचारतो, की पूर्वीचे दुःख आज दुःखी न होता कसे आठवता येते? त्याचे उत्तर त्याला पुरते सापडत नाही. पण आठवण एकट्याने उगाळत बसणे वेगळे आणि ऐकणाऱ्यासमोर ती मांडणे वेगळे, हा फरक त्याच्या पुस्तकाने कायमचा दाखवून दिला.

मराठी मुलखात या विचाराला हातपाय फुटले ते पंडिता रमाबाईंमुळे. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब अन्नान्न करत तीर्थांमागून तीर्थे फिरत होते. जंगलातला पाला खाण्याची वेळ आली, वडिलांच्या मनात तर पाण्यात देह सोडण्याचा विचार आला. आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. भावाबरोबर पायपीट करत रमाबाई कलकत्त्याला पोचल्या. पुढे भाऊही गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षे होत नाहीत तोच पतीही. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा भुकेची ती जुनी आठवण उफाळून आली. रमाबाई स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. तिथे शेती, विणकाम, छपाई शिकवली जाऊ लागली. आपल्या उपासमारीची हकिकत त्यांनी लिहूनही ठेवली, तीही हातचे न राखता. ज्या आठवणीने माणूस मोडून पडावा, तिनेच त्यांना दुष्काळात कुणाला शोधायचे हे दाखवले. त्यांचे दुःख शमले होते असे म्हणता येत नाही. ते कामाला लागले होते.

विसाव्या शतकात या अनुभवाची पद्धत बनली. चीनमध्ये मिशनरी आईवडिलांच्या पोटी 1897 मध्ये जन्मलेल्या अॅग्नेस सॅनफर्ड यांना लग्नानंतर नैराश्याने ग्रासले होते. एका धर्मगुरूच्या प्रार्थनेने त्या सावरल्या आणि पुढे ‘स्मृतींचे आरोग्य’ ही कल्पना घेऊन गावोगाव बोलू लागल्या. त्यांचे म्हणणे असे, की येशू काळाच्या बंधनात नाही, म्हणून प्रार्थनेत तो माणसाच्या बालपणीच्या जखमेपर्यंतही जाऊ शकतो. 1974 मध्ये डेनिस आणि मॅथ्यू लिन या जेसुइट भावांनी याच विषयावर पुस्तक लिहिले. कॅथलिक करिझ्मॅटिक चळवळीबरोबर ही प्रार्थना मुंबईतही पोचली. बापाचा मार, आईची उपेक्षा, नवऱ्याचे व्यसन यांविषयी कुणाकडे तोंड न उघडलेली माणसे अशा प्रार्थनासभांत पहिल्यांदा बोलली. हे मोल कमी लेखू नये.

तरीही याच वळणावर मोठा धोका होता. ‘डोळे मिटा, त्या प्रसंगात येशूला पाहा, आता आणखी काय दिसते?’ असे कुणी विचारत राहिले, तर मन न घडलेलेही रचू लागते. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने 24 जणांना, लहानपणी ते बाजारात हरवले होते, अशी खोटी हकिकत सुचवली. सुमारे पाव जणांना ती पूर्णपणे किंवा काही अंशी ‘आठवली’. बालपणीच्या अत्याचारांच्या आठवणी उकरून काढण्याच्या तेव्हाच्या लाटेत अमेरिकेत घरे तुटली, खटले चालले. दुसरा धोका आपल्या अधिक ओळखीचा आहे. ‘क्षमा करून टाक’ असे अत्याचार सोसलेल्या बाईला घाईने सांगितले जाते आणि तिचे बोलणे तिथेच संपवले जाते. हा उपदेश योसेफाच्या गोष्टीत बसत नाही. भाऊ खरोखर बदललेत का, हे त्याने आधी कसून तपासले होते.

या दोन्ही धोक्यांतून वाट काढणारा एक माणूस दक्षिण आफ्रिकेत भेटतो. मायकल लॅप्सली हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले अँग्लिकन धर्मगुरू, वर्णद्वेषविरोधी लढ्यातले कार्यकर्ते. मंडेलांच्या सुटकेला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा एप्रिल 1990 मध्ये हरारे इथे त्यांनी टपालाने आलेले धार्मिक मासिक उघडले आणि आत दडवलेला बाँब फुटला. दोन्ही हात आणि एक डोळा गेला. जगभरातून पत्रे आली, लोकांनी प्रार्थना केल्या; आपली कहाणी इतक्या जणांनी ऐकली आणि मान्य केली, म्हणून आपण उभे राहिलो, असे ते सांगतात. 1998 मध्ये त्यांनी केपटाउनला स्मृतींच्या आरोग्यासाठी संस्था काढली. तिथल्या शिबिरांत माणसे आपल्या आयुष्याचे चित्र काढतात आणि छोट्या गटात बसून ते उलगडतात. बाकीचे ऐकतात. कुणी आठवण सुचवत नाही, कुणी सल्ला देत नाही. पूर्वी एकमेकांविरुद्ध उभी असलेली माणसेही एका गटात येतात, आणि येणारा ख्रिस्तीच असावा अशी अट नसते.

प्रार्थनेतली एकांताची जखम इथे चारचौघांत आली, आणि न्यायाचा प्रश्नही बरोबर आला. क्षमेबद्दल लॅप्सलींना सतत विचारले जाते. बाँब कोणी पाठवला याची कबुली घेऊन कुणी पुढे आलेले नाही, त्यामुळे क्षमा करायला समोर माणूसच नाही, असे ते म्हणतात. समजा तो आला, तर ते आधी विचारतील, ‘तू अजून बाँब बनवतोस का?’ तो ‘नाही’ म्हणाला, तर क्षमा आहेच. तुरुंगापेक्षा त्याने रुग्णालयात सेवा करावी, हे त्यांना अधिक पसंत आहे. नंतर चहा घेताना मात्र ते त्याला सांगणार आहेत, की मला हात नाहीत, उरलेले आयुष्य मदतनीस लागणार आहे, आणि त्याच्या पगारातला वाटा तुला उचलावा लागेल.