माहीमचा पगार, माणदेशाचा तलाव

माहीमहून वांद्र्याला जाणारा कॉजवे 1845 साली लोकांसाठी खुला झाला. त्याआधी खाडी होडीने ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडत. अवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांनी या कामासाठी 1 लाख 57 हजार रुपये दिले. त्यांची अट एकच होती, ये-जा करणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. शितळादेवीच्या देवळावरून जाणारा आमचा एल. जे. रोड, म्हणजे लेडी जमशेटजी रोड, आजही त्यांचं नाव सांगतो, आणि ते योग्यच आहे.

पण माहीमने आणखीही पुष्कळ बांधलं आहे. ते इथे दिसत नाही. ते माण-खटावच्या माळावर आहे, सांगोल्यात आहे, आष्टी-पाटोद्याच्या डोंगरउतारावर आहे. पाझर तलाव, नालाबांध, शेताचे बांध, खडीचे रस्ते. 1975 पासून इथल्या पगारदाराच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची एक ओळ असते. सध्या बहुतेकांचे महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला अडीच हजार कापले जातात. ही रक्कम कायद्यानेच रोजगार हमीच्या निधीसाठी ठरवलेली होती. तिच्याइतकीच भर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची होती. बागायती जमिनीवर, मोटारगाड्यांवर आणि विक्रीकरावरही थोडा जादा भार पडला. पण मुख्य आधार नोकरदारांचा होता, आणि नोकरदार सर्वाधिक मुंबईत. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांना हा कर कशासाठी कापला जातो हे माहीत नव्हतं. याचं मला वाईट वाटतं, कारण यापेक्षा अभिमानाने भरावा असा कर माझ्या माहितीत नाही.

संकटाच्या काळात सरकारने लोकांना काम द्यावं, ही कल्पना जगाला अमेरिकेच्या महामंदीमुळे ठाऊक झाली. रूझवेल्ट सरकारने 1935 मध्ये सुरू केलेल्या डब्ल्यूपीए या सरकारी कामांच्या योजनेने आठ वर्षांत सुमारे 85 लाख लोकांना कामावर घेतलं. रस्ते, शाळा, पूल आणि न्यूयॉर्कचा लाग्वार्डिया विमानतळही त्यात आला. तिथे कित्येक पदपथांच्या सिमेंटमध्ये डब्ल्यूपीए ही अक्षरं आणि साल उमटवलेलं आहे.

आपल्याकडे ही वाट त्याहून जुनी आहे, पण तिची सुरुवात कठोर होती. 1876 च्या दुष्काळात इंग्रज सरकारने दख्खनमध्ये कामं काढली. नीरा डाव्या कालव्याची सुरुवात त्यातलीच. मात्र मजुरी इतकी तुटपुंजी ठेवली की 1877 च्या जानेवारीत मजुरांनी कामांवर बहिष्कार टाकला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे दुष्काळ संहिता झाली. तरीही दुष्काळ जाहीर करायचा की नाही हे सरकार ठरवणार, आणि जाहीर झाल्यावर मिळेल ते काम लोकांनी करायचं, ही घडी बदलली नाही.

ती बदलली वि. स. पागे यांनी. स्वातंत्र्यसैनिक, सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती. कष्ट करायला तयार असलेल्या माणसाने काम मागितलं, तर ते देणं सरकारवर बंधनकारक असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्यांनी प्रयोग केला. मग आला बहात्तरचा दुष्काळ. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी, म्हणजे दहातलं एक माणूस मस्टरवर. मिलो ज्वारी खाऊन, वाटपाच्या सुकडीवर पोरं जगवून बायकांनी घमेली उचलली, खडी फोडली. एवढा भीषण दुष्काळ पडूनही 1943 च्या बंगालसारखा मृत्यूंचा डोंगर इथे उभा राहिला नाही, याचं मोठं श्रेय या कामांना आहे. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. स्त्री-पुरुषांना सारखा दर. देशाचा कायदा यायला 2005 उजाडलं.

या कामांना 'नुसती खडी फोडली' म्हणून हिणवण्याची सवय शहरात रुजली आहे. टीका सगळीच खोटी नाही. पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे बहात्तरमध्ये पुरंदरला गेले, तेव्हा पाणी अडवायचं सोडून माणसं दगड फोडताना पाहून ते अस्वस्थ झाले. त्यातून नायगावचं काम आणि पाणी पंचायत उभी राहिली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरेल आणि भूमिहीनालाही तो मिळेल, हा तिचा नियम होता. रोजगार हमीच्या दुखण्यावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. पाझर तलावाचं पाणी कालव्याने येत नाही. ते जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना फुटतं. विहीर ज्याची, पाणी त्याचं. बांधावर माती टाकणाऱ्या भूमिहीन बाईला हंगामाची मजुरी मिळाली आणि शेजारच्या बागायतदाराला तलाव. या अन्यायाचं उत्तर काम बंद करणं हे नव्हे. पाण्यात तिचा वाटा लिहून देणं, हे त्याचं उत्तर आहे.

दुसरं दुखणं देखभालीचं. काम संपलं, मस्टर बंद झालं, की तलाव पोरका. गाळ साचतो, सांडवा खचतो. उलट हिवरे बाजारने 1990 च्या दशकात याच योजनेच्या पैशातून डोंगरावर चर खणले, बांध घातले आणि नंतर पाणी कसं वापरायचं याचे नियम गावाने स्वतः पाळले. पैसा तोच, कायदा तोच. फरक पडला तो तलाव कुणाचा हे गावाने ठरवल्यामुळे.

केंद्राचा कायदा आल्यावर मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला. व्यवसाय कर मात्र कापला जातोच आहे. तेव्हा या कराचा एक भाग जुन्या कामांच्या दुरुस्तीसाठी आणि त्यांच्या नोंदीसाठी राखून ठेवावा, अशी माझी मागणी आहे. अमेरिकेत मंदीच्या काळातल्या कामांचा शोध घेऊन बर्कलेच्या अभ्यासकांनी नकाशा तयार केला आहे. तिथल्या माणसाला आपल्या गावचं टपाल कार्यालय कुणी बांधलं हे कळतं. आपल्याला बहात्तरचा तलाव कुठला हे विचारायला गावातली म्हातारी माणसं शोधावी लागतात, आणि तेव्हा विशीत असलेल्या बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत. मस्टर आणि मोजमापाची पुस्तकं जिथे कुठे शिल्लक असतील तिथून तालुकावार यादी करावी. प्रत्येक बांधावर साल लिहावं, किती माणसं राबली ते लिहावं, आणि पैसा कुठून आला तेही. अवाबाईंचं नाव रस्त्याला शोभतं, तसा या अनाम हातांचा आकडा दगडावर शोभेल. सुरुवात तासगावपासून करावी. पागे यांनी ती तिथूनच केली होती.